निम्म्या निळ्या पेशी

४ ऑक्टोबर

मालते आज दिवसभर माझ्याकडे होता. तूवा सकाळी त्याला सोडून पोहण्याच्या वर्गावर गेली. गावातली पोरं तळ्यात बुडू नयेत म्हणून माझी लेक त्यांना हात-पाय मारायला शिकवते. जावईबापू रास्मुस बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. म्हणजे दोन वर्षांच्या नातवाला सांभाळायला उरलो मी, निवृत्त धुराडी-सफाईवाला सिक्स्टेन. माझी बायको स्वेया गेल्यापासून या घरात बोलायला भिंतीच आहेत, त्यामुळे दिवसभराचं बोलणं रात्री इथे लिहून काढतो.

दुपारी त्याला बाबागाडीत लोकरीच्या पांघरुणात गुंडाळून इथल्या रीतीप्रमाणे अंगणात झोपवलं. जागा ठरलेली आहे, कुंपणालगत, लिंडनच्या झाडाखाली, माझ्या कुजत घातलेल्या पानांच्या ढिगाशेजारी. तिथे वारा लागत नाही आणि ढिगाची जराशी ऊबही मिळते. तूवा लहानपणी इथेच झोपायची. रास्मुस स्टॉकहोमला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत झोपायचा, म्हणून तो असा फिकट. मालते झोपला तेवढ्यात मी लांब दांड्याच्या काट्याने ढीग खालीवर केला. वाफ निघाली, काळाभोर खत झालंय. पुढच्या वसंतात बटाटे असे येतील की गुनवोर शेजारीण जळून खाक होईल.

पोराने लापशी मात्र खाल्ली नाही. तोंडात पुन्हा फोड आलेत. स्वेयाला जन्मभर असेच फोड यायचे, आणि उन्हात जरा उभी राहिली की गालांवर लाल चट्टे. 'उन्हाचं आणि माझं जमत नाही' म्हणायची आणि ऐन उन्हाळ्यातही रुंद काठाची टोपी घालून फिरायची. काय गोड दिसायची त्या टोपीत.

१३ ऑक्टोबर

मालतेचा खोकला जात नाही. तूवाशी जरा वाजलं.

"बाबा, आज त्याला बाहेर नका झोपवू."

"घरात कोंडून कुणी बरं झालंय का? मी चाळीस वर्षं काजळी खाल्ली, एक दिवस आजारी पडलो नाही. का? बाहेरची हवा."

"तुमच्या हृदयात स्प्रिंग घातलीय, बाबा."

"ती लोण्यामुळे. हवेमुळे नाही."

ती हसली, पण कपाळावरची आठी गेली नाही. उन्हाळ्यात मालतेच्या मानेत गाठ झाली होती, ती कापली, ती जखम भरायला सगळा उन्हाळा गेला. तेव्हापासून तूवा भीतीच धरून बसलीय. तिच्या मागे मी त्याला नेहमीसारखं झाडाखाली झोपवलं. अंगावर एक पांघरूण जास्त घातलं.

२१ ऑक्टोबर

मालतेला उप्सालाच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. दोन्ही फुफ्फुसांत काहीतरी आहे आणि नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. तूवा तिथेच राहते, रास्मुस ये-जा करतो. मी इथे मालतेची मोठी बहीण सिग्ने हिला सांभाळतो. सिग्ने सहा वर्षांची आहे आणि या घरात शेवटचा शब्द तिचा असतो.

रास्मुसच्या घराण्यातच छाती कमकुवत असणार. त्याचा एक काका लग्नातल्या भाषणात तीनदा खोकला होता. आमच्याकडे असं कुणी नाही. स्वेयाचा धाकटा भाऊ ऊल्ले गेला खरा, गवताच्या कोठारात खेळून आल्यावर ताप आला आणि चार वर्षांचा असताना गेला. पण तो काळ वेगळा होता, तेव्हा औषधं कुठे होती. आता तसं काही होत नाही.

आज गुरुवार, म्हणून रीतीप्रमाणे वाटाण्याचं सूप केलं. सिग्नेने चाखून सांगितलं, "आजीचं जास्त चांगलं असायचं." मला तरी कुठे वेगळं वाटतंय.

२८ ऑक्टोबर



आज मीही उप्सालाला गेलो. डॉक्टरीणबाईंचं नाव शोहरे. तेहरानमध्ये जन्मल्या, वाढल्या इथेच, आणि उत्तरेकडच्या लोकांसारखं हेल काढून बोलतात. त्यांनी आम्हा तिघांना एका खोलीत बसवलं आणि कॉफी दिली. कॉफी दिली तेव्हाच मला कळलं की बातमी चांगली नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. पण नुसतं गिळून भागत नाही, मारावं लागतं. त्यासाठी पेशीत एक एन्झाइम असतं. ते श्वासातला प्राणवायू घेऊन त्याचं जहाल द्रव्य बनवतं, आपण जखमेवर ओततो त्या फेसाळणाऱ्या औषधाच्या जातीचं. त्यात जंतू जळून जातात. मालतेचं हे एन्झाइम जन्मापासूनच बंद आहे. त्याच्या पेशी बिचाऱ्या गिळतात आणि गिळलेलं तसंच पोटात घेऊन बसतात, म्हणून गाठी होतात.

मला लगेच समजलं. लाकडं भरलेली चूल आहे, पण धुराड्याची झडप बंद. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. आणि झडप कायमची उघडी राहिली तरी वाईट. म्हातारपणी हीच आग नको तिथे पेटत राहते आणि रक्तवाहिन्या पोखरते. तुमच्या हृदयात स्प्रिंग आहे, असं तूवा म्हणाली."

"मग माझी थोडी आग त्याला द्या की. माझ्याकडे उतू चाललीय."

त्या हसल्या नाहीत. "द्यायचीच आहे कुणाची तरी," म्हणाल्या, "पण ते पुढचं. आधी फुफ्फुसातली बुरशी. ही बुरशी कुजलेल्या पानांत, खतात, गवतात असते. आपण सगळे रोज हुंगतो, आपल्याला काही होत नाही. तो अशा कशाजवळ बराच वेळ होता का?"

तूवाने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "अंगणात झोपतो. सगळ्यांचीच पोरं झोपतात."

मी सांगितलं. ढीग सांगितला, काटा सांगितला, वाफ सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कुणालाही माहीत नव्हतं, दोष कुणाचाच नाही. रास्मुसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१ नोव्हेंबर

ढीग हलवला. आधी पाण्याने भिजवला, धूळ उडू नये म्हणून, मग तोंडाला माझा जुना कामाचा मुखवटा बांधून गाडीत भरला. पहिली खेप झाली तोवर रास्मुस आला. त्याने दुसरं फावडं घेतलं. दोघांनी दुपारपर्यंत खणलं. खालची मातीही काढली, वर खडी टाकली. गुनवोर कुंपणापलीकडून म्हणाली, "सिक्स्टेन, सोनं फेकतोयस तू." नंतर तिला कारण कळलं तेव्हा ती गरम दालचिनीचे पाव घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून गुपचूप निघून गेली.

पाव खाताना रास्मुस म्हणाला, "बाबा, माझ्या त्या काकाला फक्त सिगरेटचा खोकला आहे."

म्हणजे मी कुणापुढे तरी बोललो होतो. सिग्नेपुढेच बोललो असणार.

९ नोव्हेंबर

कुंड्याही नकोत, असं इस्पितळातून आलेल्या यादीत आहे. घरात माती नको. खिडकीत स्वेयाच्या पेलार्गोनियमच्या फुलझाडांच्या कुंड्या आहेत, दर हिवाळ्यात तळघरात निजवून दर वसंतात उठवलेल्या. तिच्या हातची ती शेवटची जिवंत गोष्ट होती या घरात. सगळ्या गुनवोरकडे दिल्या.

"पाणी आठवड्यातून एकदाच," मी सांगितलं.

"मला शिकवतोस?"

"आणि बोलायचं त्यांच्याशी. स्वेया बोलायची."

"काय बोलू?"

"काहीही. भाव काय झालेत ते सांग."

रिकाम्या खिडकीकडे पाहून फार वाईट वाटलं. मग मालते इथे येऊन त्या खिडकीशी उभा राहील असं मनाशी म्हटलं, तेव्हा जरा निभावलं.

१७ नोव्हेंबर

बुरशीचं नवं औषध लागू पडतंय. ताप उतरला. पोराने पहिल्यांदा पाव मागितला. तूवाने फोनवर हे मला दोनदा सांगितलं.

२५ नोव्हेंबर

हे नीट लिहायचं आहे.

तूवाच्या रक्ताचीही तपासणी केली. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून आम्हाला दाखवलं. "आता यंत्रं आहेत, पण ही जुनी रीत मला आवडते," म्हणाल्या, "डोळ्यांना दिसतं." पेशींवर एक पिवळसर रंग घालतात. पेशीत ती आग पेटली की रंग गडद निळा होतो. आधी रास्मुसच्या पेशी दाखवल्या, सगळ्या निळ्या. मालतेच्या दाखवल्या, एकही निळी नाही, सगळ्या पांढुरक्या, पोटात जंतू घेऊन तशाच बसलेल्या. मग तूवाच्या. निम्म्या निळ्या आणि निम्म्या पांढुरक्या.

म्हणजे तिच्याकडून आलं. आईकडून मुलाकडे येतं हे. तूवा बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मी दिलं त्याला. बाबा, मीच दिलं."

रास्मुस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि हळूच विचारलं की तूवाच्या आईला उन्हाचा त्रास व्हायचा का, तोंडात फोड यायचे का. आईकडचा कुणी मुलगा लहानपणी गेला का.

मी चार ऑक्टोबरला काय लिहिलंय ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. ऊल्लेही आठवला. स्वेयाची टोपी आठवली. मी सगळं लिहून बसलो होतो आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. स्वेया आता स्वतःची बाजू मांडायला नाही. तिच्या माथी हे कशाला? मग तूवाकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, लहानपणी काही फोडलं की बसायची तशी.

मी तिच्याजवळ बसलो. "तुझ्या आईकडेही होतं," म्हटलं. "तिच्या आईकडेही असणार. ऊल्ले त्यानेच गेला. कुणाला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"तुझ्या आईला माहीत असतं तर तिने आधी भरपूर रडून घेतलं असतं आणि मग तुला जन्म दिला असता. मला विचारलंही नसतं. आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. तूवा, मला ती निम्म्या निळ्या पेशींसकट हवी होती. तूही तशीच हवी आहेस."

ती माझ्या कोटात तोंड खुपसून रडली. चाळीशीला आलेली माझी लेक. रास्मुस आमच्या दोघांचे पाय धरून बसला होता. जाणारी-येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

६ डिसेंबर

आता ती आग कुणाकडून तरी आणायची. मालतेची अस्थिमज्जा काढून टाकायची आणि जुळणाऱ्या माणसाची घालायची. जगला वाचला तर कायमचा बरा. डॉक्टरीणबाईंनी 'जर'ही तितक्याच स्पष्टपणे सांगितला. पण असंच ठेवलं तर पुढची बुरशी कधी येईल याचा नेम नाही. तूवा आणि रास्मुसने हो म्हटलंय.

आधी सिग्नेची तपासणी. तिने लगेच पिशवी भरली. दात घासायचा ब्रश, चड्ड्या, आणि मालतेसाठी तिची लोकरीची मेंढी.

१५ डिसेंबर

सिग्नेचं जुळलं नाही.

"माझ्या हाडांतला मगज वाईट आहे का?" तिने विचारलं.

"मगज उत्तम आहे. फक्त मालतेच्या मापाचा नाही. माझे बूट तुला होतात का?"

"मग कुणाचा होणार?"

"शोधतायत. सगळ्या देशांत."

तिने पिशवी तशीच भरलेली ठेवलीय. म्हणाली की लोकांचं मत बदलू शकतं.

२४ डिसेंबर

आयुष्यात पहिल्यांदा नाताळला प्लॅस्टिकचं झाड. खऱ्या सूचिपर्णी झाडावरही बुरशी असते. मालतेला तीन दिवस घरी सोडलंय. सिग्नेने झाड हुंगून सांगितलं की याला छत्रीचा वास येतो. रास्मुसने लाजत लाजत कबूल केलं की त्याच्या आईकडे स्टॉकहोमला नेहमी असंच झाड असायचं. इतकी वर्षं तो आमच्यापासून हे लपवत होता. मी त्याला माफ केलं.

मालते माझ्या मांडीवर झोपला. अगदी हलका झालाय. रात्रभर तसाच बसायची माझी तयारी होती, पण पाठीने दगा दिला.

१९ जानेवारी

सापडला! जर्मनीतला चोवीस वर्षांचा तरुण. एवढंच सांगतात, नाव नाही, गाव नाही. कधीतरी कुठेतरी त्याने दाता म्हणून नाव नोंदवताना तोंडातून काडी फिरवून दिली असेल आणि विसरून गेला असेल. आता कुणी फोन केला आणि तो हो म्हणाला.

सिग्नेने पिशवी रिकामी केली. मेंढी मात्र मालतेकडे पाठवली, आधी साठ अंशांवर धुऊन. ती आता तिच्या अर्ध्या मापाची झालीय.

२० फेब्रुवारी

काल नवी अस्थिमज्जा घातली. मला वाटलं होतं मोठी शस्त्रक्रिया असेल. एक लाल पिशवी खांबाला लटकवली आणि थेंब थेंब आत गेली. मी काचेबाहेरून पाहिलं. पोराचे केस गेलेत, डोळे मोठे दिसतात. त्याने मेंढीचा पाय धरून मला दाखवला.

३ मार्च

वाईट दिवस. ताप, तोंडभर जखमा, दुखणं थांबवणाऱ्या औषधाने दिवसभर गुंगीत. तूवाचा आवाज फोनवर ओळखू येत नाही. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मी तसा जात नाही. तिथे काय बोलावं कळेना, म्हणून त्या जर्मन पोराशीच बोललो. म्हटलं, बाबा रे, तुझ्या पेशींना सांग, घर नवं आहे पण माणसं बरी आहेत, जरा रुळा.

११ मार्च

रुळतायत. पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या. तूवाने आकडा सांगितला, मला समजला नाही, आवाज समजला.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी तीच जुनी तपासणी केली आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र तूवाच्या फोनवर पाठवलं. सगळं निळं. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. एक पांढुरकी सापडते का ते शोधत होतो, सवयीने.

"बाबा, बस झालं, फोन द्या," तूवा म्हणाली. दिला नाही.

१० जून

मालते आणि तूवा घरी आले, सध्या सगळेच माझ्याकडे राहतात. बाहेर फारसं जायचं नाही, गर्दी नको, माती नको, औषधं चालू. नवीन पेशींना त्याच्या अंगाचं नीट पटेपर्यंत सांभाळायचं. पेशी निळ्या झाल्या म्हणजे त्या खरंच काम करतील का, हे तूवा रोज मला विचारते. मी रोज हो म्हणतो. मला काय माहीत.

२३ ऑगस्ट

आता तळ्यावर जायला परवानगी आहे. पण मालते गवतावर पाय ठेवेना. बोट दाखवून म्हणतो, "घाण." आम्हीच शिकवलं ते. खडकावर ठेवलं तर बरं, म्हणून तिथे ठेवला. सिग्ने ऑगस्टातल्या खेकड्यांच्या जेवणावळीत सगळ्यांनी घालायच्या कागदी टोप्या करत होती, तिच्याकडे धावत सुटला आणि आपटला. गुडघा सोलवटला, चांगला नाण्याएवढा. रक्त, वाळू, सगळं त्यात.

कुणी हललंच नाही. मग तूवाने त्याला उचललं आणि रास्मुसने इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्याने धुवा आणि बघत राहा. खेकडे तसेच राहिले. जाताना सिग्नेने टोपी मात्र काढली नाही.

२६ ऑगस्ट

कडेने लाल झालंय. थोडा हिरवट पू आहे. तूवा पांढरीफटक पडलीय. मी फोन केला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप आहे का, खेळतोय का. ताप नाही. खेळतोय. "मग बसू द्या त्यांना कामावर," म्हणाल्या. "तो हिरवा रंगही अशाच एका एन्झाइमचा असतो, सिक्स्टेन. त्या पेशी तिथे पोचल्यात."

मी तूवाला हे सांगितलं. ती गुडघ्याकडे पाहत राहिली. आम्ही दोघं तासभर एका पोराच्या पुवाकडे पाहत बसलो होतो.

२८ ऑगस्ट

लाली कमी. पू गेला. तूवा रात्री उठून पाहते, मीही पाहतो, दाराशी आमची गाठ पडते.

४ सप्टेंबर

संध्याकाळी टबात आंघोळ घालताना खपली निघाली. मालते घाबरला. त्याला वाटलं त्याचा एक तुकडा सुटला. पाण्यातून ती उचलून तूवापुढे धरली आणि म्हणाला, "आई, लाव."

तूवाने गुडघ्यावरून बोट फिरवलं. खाली कोवळी, गुलाबी, बंद झालेली कातडी. मी सांगितलं, "आता ती नको, सोन्या. खाली नवीन झालंय."

"कोणी केलं?"

"तू."

"मी नाही."

"तूच. झोपला होतास तेव्हा."

सिग्ने दात घासत दारात उभी होती. "तो आणि जर्मन दादा," तिने दुरुस्त केलं.

मालतेने बराच वेळ गुडघा न्याहाळला. मग दुसरा गुडघा पुढे करून विचारलं, "हा पण?"

तूवा टबाच्या कडेला डोकं टेकून रडत होती आणि हसतही होती. "नको रे," म्हणाली, "आत्ताच नको." मग डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं. "पण पडलास तर पड."